ह्यांचं पत्र ट्रलीच्या पेपरात

गुरु. २६ फेब्रु.

पाऊस. इथला आयरिश, कालचाच, पुढे चालू. ह्यांनी सकाळपासून तीनदा खिडकी पुसली. पाऊस बाहेर, पुसणं आतून.

मृणाल औषधांच्या कारखान्यात कामाला गेली तसा साताऱ्याला फोन लावला, तिकीटवाल्या शिंद्यांना. "मेमधलं परतीचं तिकीट अलीकडं ओढता येतंय का बघा." मी म्हटलं, अहो, लेकीचे दिवस एप्रिलअखेर भरतायत, आपण आलोय कशाला? तर म्हणे, "बाळंतपणात बापाचं काय काम? मी हितं काय करू, डिंकाचे लाडू वळू?"

खरं दुखणं वेगळंच आहे. ह्यांना भांडायला कुणी नाही. तिकडे रोज एक पत्र, कुठल्या ना कुठल्या संपादकाला. छापून आलेल्यांच्या कात्रणांच्या तीन फायली, कपाटात, माझ्या साड्यांच्या जागेवर. इथे आल्यापासून हाताला पेन नाही. मृ. म्हणते, आई, बाबा सुकत चाललेत गं.

जावई नोकरीपायी आठवडाभर डब्लिनला असतात. म्हणजे पुरुषाला पुरुष म्हणून बोलायलाही नाही.

शनि. २८ फेब्रु.

मृ.ने भाजीबरोबर इथलं, ट्रलीचं, साप्ताहिक आणलं. ह्यांनी डिक्शनरी काढली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, म्हशींच्या जाहिराती धरून, वाचून काढलं. (म्हशी नव्हेत, काळ्या गाई. पण हे ऐकत नाहीत.)

आत एका बाईंचं सदर असतं. अबेना. घानाच्या. दिवसा वृद्धाश्रमात काम करतात, आठवड्याला एक लेख लिहितात. आफ्रिकेतलं राजकारण, इथे येऊन राहिलेल्यांचं आयुष्य, असं. खाली वाचकांची पत्रं. घानात म्हणे परदेशी राहून आलेल्याला 'बर्गर' म्हणतात. हे खूश. "म्हणजे आपले फॉरेन रिटर्न!" दिवसभर जावयाला बर्गर म्हणत होते. जावई हसले बिचारे.

तर अबेनाबाईंनी विचारलंय: जे देश सोडून गेले त्यांना मागच्या देशाच्या निवडणुकीत मत असावं का? निदान मागे राहिलेल्यांना दोन शब्द सांगायचा अधिकार?

हे ताठ बसले. "हिला उत्तर दिलं पाहिजे." दोन पानं, पाठपोट. चहा गार झाला तरी हाक नाही. जेवताना स्वतःहून तिसरी पोळी मागितली!

पत्र अर्थात मराठीत. मोबाईलने फोटो काढला, त्याने खालोखाल इंग्रजी करून दिलं. मधलं मी बारकाईने तपासलं. वरचं-खालचं काय तपासायचं, ते सगळ्या पत्रांत तेच असतं. पाठवलं.

गुरु. ५ मार्च

छापलं! पूर्ण!

शेजारच्या नोरीनबाई पेपर नाचवत आल्या. "युअर मॅन इज इन द पेपर!" आता इथे 'युअर मॅन' म्हणजे तो अमुक माणूस, कुठलाही. मागे त्या म्हणाल्या होत्या, युअर मॅन पार्लमेंटमध्ये झोपला. मी म्हटलं, नाही हो, ते वर आहेत, आताच दाढी केली. पण आज खरंच माझाच मॅन.

ह्यांचा मुद्दा असा. मोजणी खात्यात नोकरी झाली, सारा जन्म दोन भावांच्या बांधाची भांडणं ऐकली. तेव्हा: 'ज्याने शेत सोडलं त्याने बांधाबद्दल बोलू नये.' छान उतरलंय इंग्रजीत. अभिमान वाटला. उगाच का खोटं बोलू.

मग शेवटची ओळ वाचली.

ह्यांनी शिरस्त्याप्रमाणे लिहिलं होतं, कळावे, लोभ असावा, ही विनंती. मोबाईलने केलं: लेट इट बी नोन. लेट देअर बी ग्रीड. धिस इज अ रिक्वेस्ट.

आणि सुरुवातीला, अबेनाबाईंच्या नावाखाली, स.न.वि.वि. चं एस.एन.व्ही.व्ही. तसंच्या तसं.

मी तार ऑफिसात चाकरी केलेली बाई. माझ्या हातून तारेत एक अक्षर कधी इकडचं तिकडे गेलं नाही. आणि आता इथल्या अख्ख्या केरी परगण्याला लोभ सुटू दे अशी विनंती माझ्या हाताने गेली. ह्यांना सांगितलं. वाटलं चिडतील. इतके हसले, इतके हसले की ठसका लागला. पाठ चोळावी लागली.

शुक्र. ६ मार्च

हसू कालचं. आज वेगळंच.

मृ. काल उशिरा आली, तिने पत्र आज न्याहारीला वाचलं. अर्धा टोस्ट तसाच ठेवला. "बाबा, म्हणजे मी शेत सोडलेली? मी काही बोलायचं नाही?"

हे म्हणाले, "अगं, ते राजकारणाबद्दल."

"मागच्या निवडणुकीला मी फोनवर बोलले तेव्हा तुम्ही म्हणालात, तुला हितलं काय कळतंय. तेही राजकारणच होतं ना? मग माझं काय चालतं तुम्हाला? पैसे चालतात, बाळ चालतं, मत तेवढं नाही."

पैशाचं बोलायला नको होतं तिने. पोटुशी आहे, बोलून गेली. हे उठून वर गेले. दुपारी शिंद्यांचा फोन: मार्चअखेरीला एक सीट आहे. हे म्हणाले, धरून ठेवा.

मला रडू आलं. सिंकचा नळ सोडून भांडी घासत बसले. इथे भांडी मशीन घासतं, तरी.

गुरु. १२ मार्च

ह्यांच्या पत्रावर पत्रंच पत्रं. सदराची जागा अपुरी पडली, पुढच्या पानावर गेली.

एकाने विचारलंय, एस.एन.व्ही.व्ही. हा भारतातला कुठला पक्ष? डावा की उजवा?

दुसऱ्याने लिहिलंय, शेवटचं वाक्य म्हणजे आपल्या मंत्र्यांना मारलेली सणसणीत चपराक, असा उपरोध बऱ्याच दिवसांत वाचला नव्हता. हे म्हणाले, "बघ, मला स्वतःला जमलं नसतं."

लिस्टोलकडच्या एका शेतकऱ्याला बांधाचं तंतोतंत पटलंय. त्याच्या शेजाऱ्याने कुंपण सरकवलंय, तर साताऱ्याचे गृहस्थ येऊन बघतील का? जेवण त्याच्याकडे. हे विचारतात, इथे मोजणीची टेप कुठे मिळेल.

एक पत्र तिरकं होतं. अबेनाबाईंना उद्देशून: मागचं घर एवढं आठवतं तर तिकडेच जा. त्यांनी खाली एवढंच लिहिलंय: 'घर ट्रलीतच आहे. मी रोज जाते. उशीर झाला तर पार्किंग मिळत नाही.'

ह्यांनी ते दोनदा वाचलं. मग म्हणाले, "मी तिला एवढं उलट बोललो, ह्या गड्यानं मला नाही म्हटलं जा म्हणून. तिलाच म्हटलं." मग जरा वेळाने, "ती हितं राहणारी. मी तर पाहुणा." पुन्हा डिक्शनरी काढली. त्या तिरक्या माणसाला झोडायला दीड पान. ह्या वेळी खालची ओळ मीच इंग्रजीत लिहिली: युअर्स फेथफुली. ह्यांना ते मिळमिळीत वाटलं.

मृ. आणि हे अजून कामापुरतंच बोलतात. मीठ दे. दिवा घालव.

मंगळ. १७ मार्च

सुट्टी. इथल्या संतांचा सण, गावात मिरवणूक. ट्रॅक्टर, शाळेची मुलं, बँड, केरळच्या नर्सेस हिरव्या साड्यांत. पाऊस थांबून थांबून. मृ.ला गर्दीत नको म्हणून ती घरी, जावई तिच्याजवळ. आम्ही नोरीनबाईंबरोबर.

आणि अबेनाबाई भेटल्या! नोरीनबाईंनी हाका मारून बोलावल्या. वाटलं होतं कुणी करारी, चष्मेवाली असेल. तर माझ्याएवढीच उंची, डोक्याला हिरवा रुमाल, हातात चिप्सचं पुडकं. पुडकं आधी माझ्यापुढे केलं, मग ह्यांना म्हणाली, "तर साहेब, लोभ चांगला असतो म्हणायचा?"

मग मी सगळं सांगितलं, मोडक्यातोडक्यात. की आमच्यात लोभ म्हणजे हाव, पण पत्राखाली लिहिला की माया. तुमची माझ्यावर असू द्या, असं मागणं. ती हसायची थांबली. म्हणाली, "माझी आई फोन ठेवताना विचारते, जेवलीस का. दरवेळी. मी रागावलेली असले तरी. ते हेच झालं."

आणि हे? एरवी संपादकांना धारेवर धरणारा माणूस, चिप्स खात उभा.

निघताना ती सहज म्हणाली, सदर बहुधा ईस्टरला बंद होणार. घरविक्रीच्या जाहिरातींना पान हवंय. "इट वॉज ग्रँड व्हाइल इट लास्टेड." इथे सगळंच ग्रँड असतं, बंद पडणंसुद्धा.

घरी येईस्तोवर हे आमच्या चार पावलं पुढे. आल्यावर म्हणाले, "मग ते शिंद्यांचं तिकीट पक्कं करून टाकू." मी ओला कोट न काढताच खुर्चीत बसले. ह्या माणसाला इथे धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, तीही चालली.

गुरु. १९ मार्च. पाडवा

गुढी मागच्या अंगणात, कपडे वाळत घालायच्या खांबाला. वारा असा की तांब्या सारखा घंटेसारखा वाजत होता. कडुनिंब नाही. मृ. म्हणाली कारल्याचा रस घेऊ. घेतला. तोंडं सगळ्यांची सारखीच वाकडी.

पेपर आला. आज नोरीनबाईंचं पत्र! आम्हाला पत्ता लागू दिला नव्हता. मृ.ने मोठ्याने वाचलं, तिच्या त्या आता पार केरी झालेल्या इंग्रजीत. मी इथे मराठीत उतरवते:

'माझे दोन मुलगे पर्थला आहेत. दर रविवारी फोन करतात आणि मत कुणाला द्यायचं ते सांगतात. मी हो म्हणते. मग मला हवं त्याला देते. साताऱ्याच्या गृहस्थांचं म्हणणं बरोबर असेल, पोरांना अधिकार नसेल. पण त्यांनी सांगायचं थांबवलं तर मी रविवारी काय ऐकू?'

मृ.ने शेवटची ओळ परत वाचली. पेपर खाली ठेवला.

हे कारल्याच्या रसाच्या पेल्याकडे बघत होते. म्हणाले, "बाईंनी बांधच उडवला माझा."

मग मृ.कडे न बघता, "निवडणूक आली की फोन करत जा. मी ऐकन. मत माझं मी देईन."

"आणि मी ओरडले तर?"

"वरडायला कुणी अडवलंय? तुझ्या आईला अडवलंय का कधी?"

मृ. हसली. मीही हसले, पण मला का ओढलं मध्ये ते कळलं नाही. श्रीखंड सगळ्यांनी दोनदा घेतलं.

मृ.ने विचारलं, "बाबा, तिकीट?"

"बघू."

सोम. २३ मार्च

'बघू' अजून चालूच. शिंदे म्हणतात गुरुवारपर्यंत सांगा, मग सीट जाईल.

आज मृ.ला दवाखान्यात दाखवलं. सगळं ठीक. ती आत असताना मी बाहेरच्या खुर्चीवर. शेजारी एक आयरिश आजोबा, लेकीबरोबर आलेले. काही करत नव्हते, नुसता तिचा कोट मांडीवर घेऊन बसले होते. मला फार हेवा वाटला. मला हे इथे हवेत. लाडू वळायला नकोत, काही करायला नको. नुसते कोट धरायला. पहिलं नातवंड, परका मुलूख, आणि मी एकटी. मला भीती वाटते. हे त्यांना सांगायला जीभ उचलत नाही. संपादकांना खरमरीत लिहिणाऱ्याच्या बायकोला दोन ओळी बोलता येऊ नयेत.

गुरु. २६ मार्च

शेवटी बोलले. चहाचा कप हातात देता देता. "थांबा. मला एकटीला जमायचं नाही." बस, एवढंच. ह्यांनी चहा फुंकला. हो नाही, नाही नाही.

तेवढ्यात पेपर. ह्यांनी उभ्याउभ्या उघडला, थेट ते पान. सदर नाही. ईस्टरची वाटही बघितली नाही त्यांनी. त्या जागी चार बेडरूमच्या घराची जाहिरात, हिरवळीसकट. वाचकांना सूचनासुद्धा नाही.

मला वाटलं, झालं.

ह्यांनी पान घडी घालून ठेवलं. मग टेबलावरचं सगळं बाजूला सारलं, लोणच्याची बरणीही. "मृणाल! हिकडं ये. संपादकाला लिहायचंय. इंग्रजीतच. मोबाईल नको, तूच हवीस." आज तिची सुट्टी. हे सांगणार, ती टाइप करणार. दहा मिनिटांत जुंपली.

"बाबा, 'तुमचा निषेध असो' असं नाही म्हणत इथे."

"मग काय म्हणतात?"

"आय वॉज अ बिट डिसअपॉइंटेड."

"हा काय निषेध झाला? हे तर मीठ कमी पडल्यावर म्हणायचं."

"इथे हाच मोठा निषेध असतो, ट्रस्ट मी."

नोरीनबाई आल्या, त्याही बसल्या. म्हणाल्या, गल्लीत सही करायला अजून पाचसहा घरं आहेत. ह्यांना उत्साह आवरेना. हे पत्र पुढच्या गुरुवारी छापतील, त्यावर संपादक काहीतरी थातुरमातुर लिहील, त्याला आपलं उत्तर त्याच्या पुढच्या गुरुवारी, मग अबेनाबाईंचं म्हणणं... बोटांवर गुरुवार मोजत होते. मी मोजले नाहीत. मला माहीत होतं ते कुठवर जातात: एप्रिलअखेरपर्यंत.

छापतील का, देव जाणे. ज्या पेपराने सदर बंद केलं तो त्याबद्दलची शिवी कशाला छापेल?

फोन वाजला. शिंदे. ह्यांनी उचलला, "अहो शिंदे, मी कामात आहे," एवढंच म्हणून ठेवला आणि मृ.ला म्हणाले, "हां, कुठवर आलो होतो?"

सीट ठेवायची की सोडायची, ते सांगितलंच नाही. मी वरणाला फोडणी दिली.