यंत्र आधी की शेत आधी

लिटल वॉडहॅम, नॉरफक
१२ सप्टेंबर

आदरणीय डेस्मंड भाऊजींस,

लॉर्नाचा मनापासून नमस्कार. तुमचा डावा गुडघा, बिटाचं पीक आणि ती चावरी हंसीण, तिघांचीही प्रकृती उत्तम असावी. जाऊबाईंची खुशाली विचारत नाही, कारण ती मला ठाऊक आहे. (गेली अकरा वर्षं दर गुरुवारी सकाळी साडेदहाला आम्ही दोघी सुपरमार्केटात चीजच्या फळीपाशी योगायोगाने भेटतो. इतका वक्तशीर योगायोग अख्ख्या परगण्यात दुसरा नसेल. त्यांच्यावर रागावू नका. चीज दोन्ही घरांत लागतंच.)

पाकिटावरचं अक्षर पाहून तुम्ही चष्मा पुसला असेल, कारण आपली घरं सात मैलांवर असूनही या अकरा वर्षांत नाताळच्या कार्डाखेरीज कागदाचा कपटा गेलेला नाही, आणि त्या कार्डावरही 'नेव्हिल व लॉर्ना' यापलीकडे शब्द नाही. म्हणून आधीच सांगून टाकते: हे पत्र मामंजींच्या घड्याळाबद्दल नाही. कापणीच्या शेवटच्या दिवशी बारा एकराच्या शेतात मामंजींनी मनगटाला घाम येतो म्हणून... नाही, ते खिशातलं होतं, खिसा फाटका होता म्हणून ते चांदीचं घड्याळ सांभाळायला काढून दिलं, इथपर्यंत तुम्हा भावांचं एकमत आहे. कुणाकडे दिलं, यावर दोन मतं आहेत. दोन्ही मला तोंडपाठ आहेत (तुमचं मत चीजपाशी कळलं) आणि दोन्हींवर माझा सारखाच अविश्वास आहे. 'पडलं असेल शेतात, मरू दे' असं मामंजी स्वतः म्हणाले होते, पण ज्याचं घड्याळ त्याचं कोण ऐकतो! पुढे त्यांच्या अंत्यविधीनंतरच्या चहाला नेव्हिल हातात हॅम सँडविच धरून जे बोलला, ते त्याने बोलायला नको होतं. तुम्हीही कप ज्या तऱ्हेने बशीत ठेवलात, तसा ठेवायला नको होता. असो. तो विषयच नाही. विषय यंत्राचा आहे.

तुमचा धाकटा भाऊ एप्रिलमध्ये निवृत्त झाला. पस्तीस वर्षं ज्याने एकच बस एकाच रस्त्याने नेली आणि आणली, त्याला अचानक कुठेही जायला मोकळीक मिळाली, तेव्हा तो कुठेच जाईना. नुसता खिडकीशी उभा राहून वेळेवर न येणाऱ्या बसला नावं ठेवी. आमच्या गावात निवृत्त पुरुषाला तीन वाटा मोकळ्या असतात: टोमॅटो, चर्चमधलं गायन आणि गुप्तधन. टोमॅटो माझे आहेत. गायनाचं म्हणाल तर नेव्हिलला तुम्ही ऐकलेलं आहे. राहिलं काय?

जमिनीतला धातू शोधणारं पहिलं यंत्र त्याने रविवारच्या त्या बाजारात घेतलं, जिथे लोक मोटारीची डिकी उघडून नकोसा संसार विकतात. लांब दांडा, खाली ताटलीएवढं चक्र, वर एक दिवा. घरी येऊन त्याने हिरवळीवर ते फिरवायला घेतलं आणि दर पावलाला यंत्र ओरडायला लागलं. भाऊजी, दर पावलाला! 'लॉर्ना, आपलं घर रोमन छावणीवर बांधलंय,' असं तो गदगदून म्हणाला. दुपारपर्यंत त्याने एकेचाळीस खड्डे खणले. मिळकत: एक बाटलीचं बूच आणि आमच्या मेलेल्या मांजरीचा बिल्ला. (तिला आम्ही पुन्हा नीट पुरलं.) चहाला आत येताना त्याने बूट दाराशी काढले, आणि नंतर नुसत्या मोज्यांवर बाहेर गेला तर रोमन छावणी चिडीचूप. तो बसडेपोतले पुढच्या टोकाला पोलाद बसवलेले बूट घालून स्वतःच्याच पायांचा शोध घेत होता. त्याने त्या बुटांकडे अशा नजरेने पाहिलं, की मला एकदम ते सँडविच आठवलं.

मग तो गावच्या शोधक मंडळात गेला. दर मंगळवारी ही मंडळी सभागृहात जमतात, चहा आणि केक पुढ्यात ठेवून आठवडाभरात सापडलेली बटणं एकमेकांना दाखवतात. नवख्याने यंत्र कोणतं घ्यावं, असा प्रश्न तिथे विचारू नये. एक म्हणतो हलकं घे, दुसरा म्हणतो खोल जाणारं घे, तिसरा म्हणतो मोठं चक्र, चौथा म्हणतो मोठं चक्र घेणारा मूर्ख. या वयात माणूस एक वेळ धर्म बदलेल, पण आपल्या यंत्राला दुसऱ्याने हसलेलं सहन करणार नाही. गप्प होत्या फक्त हेस्टर पमेंट. तुम्हाला आठवत असतील: नर्सबाई, सायकलवरून यायच्या, तुम्हा दोघांना गोवराची सुई त्यांनीच टोचली. आता ब्याऐंशीच्या आहेत आणि परगण्यात त्यांच्याइतकं जमिनीतून कुणी काढलेलं नाही. त्या म्हणाल्या, 'शेत कुणाचं?'

'आहे एकाचं.'

'विचारलंस त्याला?'

'विचारीन की.'

'नेव्हिल लार्टर, नवरी मिळाली नाही आणि तू मांडवाचं कापड निवडतोयस. आधी ज्याच्या मातीत खणायचं, त्याच्या स्वयंपाकघरात बसून चहा घ्यायचा. तो हो म्हणाला की मग यंत्र. चाळीस वर्षं मी हेच करते आहे. निम्म्या शेतांत काही मिळालं नाही. चहा सगळीकडे मिळाला.'

तुमच्या भावाने मान डोलावली आणि थेट दुकानात गेला.

दुकानदार भला माणूस. त्याने दोन यंत्रं आठवडाभर वापरून पाहायला दिली. एक नवं, पिसासारखं हलकं; जमिनीखाली काय असावं त्याचा आकडा पडद्यावर दाखवणारं. दुसरं जुन्या घाटाचं, जड, पडदा नाही, नुसता आवाज. दोन्हींना एक बटण होतं, जे फिरवलं की यंत्र नको असलेल्या धातूंकडे साफ दुर्लक्ष करतं. दुकानदार ते समजावून सांगायला लागला तेव्हा मी म्हटलं, राहू द्या. लार्टरांकडे हे बटण जन्मतःच बसवलेलं असतं, आणि एकदा फिरवलं की अकरा वर्षं अडकून बसतं.

आता मुख्य प्रसंग. रविवारच्या जेवणासाठी मी बटाटे काढायला वाफ्यात खणायचा काटा खुपसला आणि मातीतून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं चांदीचं घड्याळ वर आलं.

भाऊजी, मी वाफ्याच्या कडेला बसले. ज्या माणसाच्या शेजारी मी एकतीस वर्षं झोपले, त्याने बापाचं घड्याळ माझ्याच बटाट्यांखाली दडवलं आणि वर भावाला चोर म्हणत राहिला! त्या दोन मिनिटांपुरती मी पूर्णपणे तुमच्या बाजूने होते, एवढी नोंद करून ठेवा, कारण पुन्हा तसं होईलसं वाटत नाही. मग मी झाकण उघडलं. आत कुण्या परक्याची आद्याक्षरं होती.

नेव्हिल धावत आला. 'तू त्या वाफ्यात का गेलीस?'

'बटाटे काढायला. हे काय आहे?'

'नमुना. यंत्राच्या परीक्षेसाठी सगळे पुरतात.'

'तू तर रोमन नाणी शोधतोयस. रोमन लोक घड्याळाला किल्ली द्यायचे का?'

त्याने घड्याळावरची माती बाहीने पुसली. 'तेवढ्याच वजनाचं मिळालं,' म्हणाला. 'दहा इंचांवर ऐकू यायला हवं. बारा एकरात नांगर दहा इंच जातो.'

'कुठल्या बारा एकरात, नेव्हिल?'

तो चहा टाकायला आत गेला. त्या दिवशी त्याने चार वेळा चहा केला.

म्हणजे बघा. ज्याला भावाने घड्याळ घेतलं अशी खात्री असते, तो ते भावाच्या शेतात शोधायला निघत नाही. ती खात्री केव्हातरी गळून पडली आहे. पण ते तोंडाने कबूल करण्यापेक्षा या माणसाला शेकडो पौंडांचं यंत्र विकत घेणं, मंडळाची वर्गणी भरणं आणि एकेचाळीस खड्डे खणणं सोपं वाटलं. आपल्याकडची माणसं अशीच. आगीत सापडली तरी शेजाऱ्याला 'तसदीबद्दल क्षमस्व' म्हणतील, आणि सख्ख्या भावाला एक साधा प्रश्न विचारायला खजिन्याचा नकाशा काढतील. (हे मी फक्त नेव्हिलबद्दल लिहिते आहे. तुम्हाला लागू पडलं तर तो योगायोग, चीजच्या फळीसारखा.)

परीक्षेचा निकाल: नऊ इंचांपर्यंत दोन्ही यंत्रांना घड्याळ ऐकू आलं, दहावर दोन्ही कुजबुजली. म्हणजे हलकं घ्यावं, हे शेंबड्या पोरालाही कळावं. हेस्टरबाईंनीही तेच सांगितलं, शिवाय नेव्हिलचा खांदा दुखरा आहे. त्याने जड घेतलं. का, म्हणून विचारलं तर म्हणाला, 'मजबूत आहे.' गेले दहा दिवस ते दिवाणखान्यात भिंतीला टेकून उभं आहे आणि मी त्याच्याभोवती झाडू फिरवते आहे.

तर एवढंच. माझं तुमच्याकडे काही मागणं नाही; केवळ खुशाली कळवावी म्हणून लिहिलं. हे पत्र मी चोरून लिहिते आहे, नेव्हिलला याचा पत्ता नाही आणि लागता कामा नये. जाऊबाईंना गुरुवारपर्यंत नमस्कार. लोभ अकरा वर्षांपूर्वी जिथे ठेवला होता, तिथेच सापडावा.

तुमची भावजय,
लॉर्ना

ता. क. एक किरकोळ मागणं आठवलं. जाऊबाई म्हणाल्या की बारा एकरातलं पीक निघालं आहे आणि पुढच्या शनिवारी पुन्हा पेरणी. एकदा पेरलं की वर्षभर पाय ठेवता यायचा नाही, आणि नेव्हिलचा हा धीर वर्षभर टिकेल याची हमी मी देत नाही. सोबत मंडळाचा परवानगीचा छापील कागद जोडला आहे. तो नेव्हिलने भरून ब्रेडच्या डब्याखाली लपवला होता. 'शेतमालकाशी संबंध' या रकान्यात त्याने 'ओळखीचे' असं लिहिलं आहे, तिकडे दुर्लक्ष करा. त्याखाली 'सापडलेल्या वस्तूंची वाटणी निम्मी-निम्मी' असं छापलेलं आहे. ते खोडून त्याने काय लिहिलंय ते मात्र वाचा. 'घड्याळ शेतमालकाचं.' सही फक्त तुमची हवी. घड्याळ सापडेलच असं नाही. चहा मात्र टाकून ठेवा.

ता. ता. क. जड यंत्राचं कोडं आज उलगडलं. हलक्याला एकच हेडफोन लागतो. जड यंत्राला दोन जोडता येतात, म्हणजे एक जण चालवतो आणि दुसऱ्यालाही तेच ऐकू येतं. दुसरा हेडफोन त्याने घेऊनही ठेवला आहे. माझ्यासाठीच असणार म्हणून मी हौसेने घालून पाहिला, तर तो सरळ नाकावर उतरला. त्याची पट्टी शेवटच्या खाचेपर्यंत ओढून ठेवली आहे. भाऊजी, तुमच्या लग्नात तुमच्या मापाची टोपी तीन गावांत मिळाली नव्हती, हे मला चांगलं आठवतं.

ता. ता. ता. क. वर जे 'चोरून' लिहिलं आहे ते खोडायला हवं, पण नवा कागद घ्यायचा कंटाळा आला. मी स्वयंपाकघराच्या टेबलाशी हे लिहीत असताना नेव्हिल दोनदा आत आला, किटलीकडे पाहून गेला. तिसऱ्यांदा आला तेव्हा माझ्या कोपराशी काहीतरी ठेवलं आणि बाहेर बटाट्याच्या वाफ्याकडे निघून गेला. पोस्टाचं तिकीट होतं. पहिल्या दर्जाचं, उद्याच पोचवणारं. हा माणूस सगळ्यांची नाताळची कार्डंसुद्धा दुसऱ्या दर्जाने पाठवतो.