लुसीच्या नाडीचा तक्ता

३ ऑगस्ट १९७५
पोचले एकदाची पापडी गावाला! डहाणूहून निघताना डॅडींचे डोळे भरले होते, मला मात्र हसू आवरत नव्हतं. ऑक्टोबरात इंग्लंडच्या हॉस्पिटलात नर्सिंगच्या ट्रेनिंगला हजर व्हायचंय. तोवर क्लेमेंटीन टीचरांच्या घरी राहून शिकायचं. त्या तिकडे वीस वर्षं मेट्रन होत्या. घर केळीच्या वाडीत, आत फिनेलचा वास. मी सामान सोडायच्या आधीच त्यांनी चादरीचे कोपरे दुमडायला लावले. तीनदा चुकले. सरावाला पेशंट घरातच आहे, त्यांची मुलगी लुसी. दिसायला माझ्याच वयाची. तिलाही इंग्लंडचं पत्र आलं होतं, पण निघायच्या आठवड्यातच अंथरुणाला खिळली. चार वर्षं झाली. बोलत नाही, नुसती बघते. फार वाईट वाटलं.

९ ऑगस्ट
टीचरांची शिस्त कडक. लुसीचं मनगट पूर्ण मिनिटभर धरायचं; अर्धा मिनिट मोजून दुप्पट केलेलं कळलं की बोटांवर फुटपट्टी. मग स्वतःची नाडी मोजून तक्त्यावर शेजारी लिहायची. निरोगी माणसाची नाडी जवळ असली की फरक कळतो म्हणे. आज लुसी ४८, मी ७६.

२० ऑगस्ट
लुसी ६०! पेज स्वतःच्या हाताने प्यायली. टीचर म्हणाल्या, "फ्लॉसी, तुझ्या हाताला गुण आहे." मी हवेत! डॅडींना लगेच पत्र टाकलं. मी ६४. पावसाळी हवेने अंग जड झालंय, दुसरं काय.

२९ ऑगस्ट
कपडे धुणाऱ्या रंभाने विहिरीपाशी गाठून सांगितलं, "पोरी, तिचा हात नको धरू. तुझ्या आधी शिकाया आलेली ॲनी पन अशीच वालत गेली नि पलून गेली." मला रागच आला. नर्सने असल्या गप्पांवर विश्वास ठेवायचा तर ट्रेनिंग हवं कशाला?

५ सप्टेंबर
आज तक्ता पहिल्यापासून वाचला. तिचा आकडा जितका चढतो तितकाच माझा उतरतो. रोजची बेरीज एकशे चोवीस. एकही दिवस चुकलेला नाही. इतके दिवस मी फक्त तिचाच रकाना बघून खूश होत होते. हात धरणार नाही म्हणाले, तर टीचर शांतपणे म्हणाल्या की त्यांची सही नसेल तर हॉस्पिटल मला घेणार नाही. अजून तीन आठवडे. सोसेन.

१४ सप्टेंबर
लुसी ७६. मी ४८.
पाय उचलत नाहीत. टीचरांनी मला लुसीच्याच खाटेवर निजवलं. केळीचे घड उतरवणाऱ्या सिप्रियनने अंगणातून लुसीला फ्लॉसी बाय म्हणून हाक मारली. तिने ओ दिली. मग खिडकीतून माझ्याकडे बघून त्याने टीचरांना विचारलं, लुसी आज कशी आहे?

१८ सप्टेंबर
आरसा देत नाहीत. इंजेक्शनच्या ट्रेमध्ये तोंड पाहिलं. गालफडं, ओठ — माझे नाहीत. तिचे.
भीती वाटते. खूप भीती वाटते.

२३ सप्टेंबर
तिने माझा निळा फ्रॉक घातला. डॅडींचा पत्ता पाठ करते — माझ्या आवाजात. माझा पासपोर्ट तिच्या हातात. आतला फोटो आता तिच्यासारखाच — घरी निरोप धाडायचा तर — रंभाला आता येऊ देत नाहीत —

२७ सप्टेंबर
डॅडी आले. पोचवायला. ओटीवर तिला मिठी मारून रडले, माझं नाव घेऊन.
हाक मारली. आवाज नाही —
टीचर त्यांना आत घेऊन आल्या. डॅडी खाटेवर बसले. माझ्या डोळ्यांत बघितलं. मी बोट हलवलं, एक बोट — त्यांनी माझ्या कपाळावर क्रूस काढला, आजारी परक्या पोरीच्या काढावा तसा. टीचरांना म्हणाले, देव तुमच्या लुसीला बरं करील, माझी फ्लॉसी तिकडून औषध पाठवील.
उठले.
टांगा दारात. ती चढली. डॅडी, मागे बघा, मी इथे, मी —