ठेंगणं दार

प्रिय मेधाताई,

हे पत्र मुद्दाम तुझ्या ऑफिसच्या ईमेलवर पाठवतोय. घरी उघडू नकोस. दोनदा तपासलंय, तरी ऱ्हस्व-दीर्घाची चूक सापडली तर कान धर. कॉलेज मी सोडलं, पण तू शिकवलेलं शुद्धलेखन सोडलेलं नाही.

इथे स्कोफिल्ड्सला लॉकडाऊन पुन्हा वाढला. शिफ्टला जातो, घरी येतो, हात धुतो, शंका आली की पुन्हा धुतो. ऑस्ट्रेलियाबाहेर जायला सरकारची परवानगी लागते. मी मागितली होती. नाही मिळाली. कुठे जायचं होतं ते शेवटी सांगतो.

रविवारी तू व्हिडिओ कॉलवर ते जुन्या नॉर्वेच्या खेड्याचं म्युझियम दाखवलंस, तेव्हापासून ते डोळ्यांसमोरून हलत नाही. छपरांवर गवत उगवलेली लाकडी घरं. उंदीर चढू नयेत म्हणून दगडी पायांवर उभं केलेलं धान्याचं कोठार. मी म्हणालो, छपरावर एक शेळी सोडा, गवत कापायचा खर्च वाचेल. मग तू एका अंधाऱ्या घरात शिरलीस, मधोमध असलेली चूल दाखवलीस आणि बोलता बोलता दारात थांबलीस. मी ओरडलो, ‘‘ताई, उंबऱ्यावर उभी राहू नकोस!’’ तू खळखळून हसलीस. ‘‘अहो आजोबा, नॉर्वेत नाही चालत तुमचा उंबरा!’’ किती महिन्यांनी हसलीस.

हसताना कपाळावरचा स्कार्फ सरकला आणि खालचा डाग दिसला. मी विचारलं, हे काय? तू म्हणालीस, ‘‘दार ठेंगणं आहे रे, आत येताना आपटलं.’’ तेवढ्यात बाहेरून अजितभावजींचा आवाज आला, ‘‘झालं का तुझं? किती वेळ?’’ तू घाईने म्हणालीस, ‘‘चल, जाते.’’ आणि फोन बंद.

ताई, आत्ता लागलेला मार काळानिळा होतो, पिवळा पडत नाही. तो पिवळा होता. आणि ‘जातो’ म्हटलं म्हणून मला जिन्यावरून परत बोलावून ‘येतो म्हण’ सांगणारी तू. तुझ्या तोंडून ‘जाते’ चुकून निघणार नाही.

मला तुझ्याकडेच यायचं होतं. येता येत नाही, म्हणून हे लिहितोय. घरचा ईमेल भावजीही वाचतात, हे तूच सांगितलं होतंस. पुढच्या कॉलवर ते शेजारी असले तरी चालेल. काही सांगू नकोस, रडू नकोस. फोन ठेवताना ‘येते’ म्हणालीस तर मी गप्प बसेन. ‘जाते’ म्हणालीस तर त्याच मिनिटाला तुमच्या तिथल्या पोलिसांना फोन लावेन. इंग्रजीत काय बोलायचं ते पाठ केलंय. एकच शब्द. तुझा शब्द चुकत नाही, हे मला माहीत आहे.

तुझाच,
हृषीकेश
(षी दीर्घ, तू शिकवलास तसा)