आशाला बघायला येतील तेव्हा

भाईंदर, ता. १४ फेब्रुवारी १९७१

चि. सौ. शेवंतीस, महिपतचे मनापासून आशीर्वाद.

माझा खोकला गेला, जेवण वेळेवर होतं. आईच्या गुडघ्यांना तेल लावतेस ना?

आमच्या कारखान्याचे मुकादम पुढच्या रविवारी त्यांच्या मुलाला घेऊन आशाला बघायला येतायत. मुलगा मी इथे जवळच गोडदेव गावात पाहिला, वागायला नीट वाटला. पण मागच्या पाहुण्यांनी आशाला अंगणात चालवून पाहिलं, केस सोडायला लावले, आणि नंतर ती धड जेवत नव्हती, हे तू मला कळवलं नाहीस. धाकट्या मंदाच्या पत्रातून कळलं.

मी जुन्या बाजारातून शब्दांची मुळं सांगणारी मोठी इंग्रजी डिक्शनरी आणलीय. शो म्हणजे दाखवणं, हे सगळ्यांना ठाऊक. पण मुळात त्याचा अर्थ होता पाहणं. पुढे तो उलटला. मी दोनदा वाचून खात्री केली. तू म्हणशील, लेकीच्या लग्नात यांचं इंग्रजी कशाला? पण आपण आशाला नुसती दाखवत आलो, पाहायला कधी सांगितलंच नाही.

म्हणून तिला समोर खुर्ची दे. तिलाही मुलाकडे नीट पाहू दे, विचारायचं ते विचारू दे.

मुकादम रोज विचारतात, "महिपत, पक्कं ना?" मी म्हणतो, "घरचं पत्र येऊ दे." हल्ली ते हसत नाहीत. नोकरीची काळजी तू करू नकोस, भांड्यांच्या पॉलिशला इथे कुठेही माणूस लागतो.

आईला नमस्कार, मंदाला आशीर्वाद.

आशा नाही म्हणाली तर समजूत घालत बसू नकोस. मला ‘नाही’ असंच कळव.

तुझा,
महिपत