फुटरमध्ये न मावलेले नाव

सिहोरा,
ता. १९ फेब्रुवारी

चि. मनिष यास,

तेजरामचे अनेक आशीर्वाद. तुझी, रुपाची आणि मुलांची प्रकृती चांगली असेल अशी आशा करतो. नागपूरच्या धुळीने तुझा खोकला वाढतो असे तुझी ताई नेहमी म्हणायची, म्हणून विचारतो. इकडचीही खुशाली कळवायची पद्धत आहे, पण ताईला जाऊन परवा तीन महिने झाले, तेव्हा ती ओळ कोरी सोडतो. फोन तू उचलत नाहीस. पत्राला तशी सोय नसते, ते दारातून आत पडते.

तेरवीच्या दिवशी तू जेवलास, हात धुतलास आणि न बोलता गाडीत बसलास. कारण मला माहीत आहे. तेरवीच्या कागदावर खाली ‘शोकाकुल’ म्हणून अकरा नावे होती आणि सख्ख्या भावाचे नव्हते. त्याबद्दल पुढे लिहितो. (आधी लिहायला पाहिजे, पण ते मला जमत नाही.) आजचे पत्र कामाचे आहे. पाणी वापर संस्थेच्या संगणकातून ताईचे निधन कसे काढायचे, तेवढे कळव.

तुला आठवत असेल, शाळेतून निवृत्त होऊन मी संस्थेचा सचिव झालो तेव्हा तलावाच्या पाणीपाळीच्या प्रत्येक यादीवर संस्थेचे नाव हाताने टाइप करायचो. ते पाहून तू हसलास आणि म्हणालास, भाऊजी, एकदाच साचा करून ठेवा, मग प्रत्येक नव्या शीटवर नाव आपोआप येईल. पायऱ्याही कागदावर लिहून दिल्यास. कोरी फाइल उघडा, वरच्या पट्टीत म्हणजे हेडरमध्ये नाव भरा, खालच्या पट्टीत म्हणजे फुटरमध्ये सचिवाचे नाव भरा, आणि टेम्प्लेट म्हणून अमुक फोल्डरमध्ये ठेवा. दोन वर्षे उत्तम चालले.

ताई गेली तेव्हा तेरवीच्या निमंत्रणाच्या चौदा गावांच्या याद्या करायच्या होत्या. मला दुसरे कोणते सॉफ्टवेअर येत नाही. प्रत्येक शीटवर तिचे नाव आणि त्याच्या आधी ‘कै.’ टाइप करावे लागत होते. तीन गावे केली. चौथ्याला हात उठेना. म्हणून तुझ्या कागदाप्रमाणे संस्थेचे नाव पुसून साच्यातच ते भरले. एकदा लिहिले की सुटलो, असे वाटले. सुटलो नाही. आता मी कोणतीही नवी शीट उघडली की ती पुन्हा जाते.

हे काम करताना पडद्यावर दिसत नाही, छापल्यावरच दिसते. जानेवारीत उन्हाळी धानाची पहिली पाणीपाळी होती. मी यादी छापली आणि न पाहता एकशे बारा घरी वाटायला दिली. शोकाचा कागद वाचला की फाडायचा, घरात ठेवायचा नाही, ही आपल्याकडची रीत तुला ठाऊक आहे. एकशे बारा घरांनी ती पाळली. सोमवारी तलावाचे तुडूम उघडून पाणी सोडले तेव्हा कोणाची पाळी कधी, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. पाणी नाल्याला गेले आणि लोक मात्र माझ्या घरी परत भेटायला आले.

दुसऱ्या यादीला मी मधल्या कप्प्यातले ताईचे नाव त्या शीटपुरते पुसले. (हेडरला तीन कप्पे असतात.) डाव्या कप्प्यातले ‘दुःखद निधन’ तसेच राहिले आणि बरोबर त्याच्याखाली शेतकऱ्यांची नावे आली. पहिले नाव टेकचंदचे, पुढे सोमवार, सकाळी सहा. कोणीतरी फोटो काढून टेकचंदच्या सासुरवाडीला, नाकाडोंगरीला पाठवला. त्याची सासू मनकर्णाबाई ऑटो करून, वेशीपासून रडत आली. जावई ओट्यावर बसून भात खात होता. ती म्हणाली, “जित्ते आहा, त कागदावर कायले मेले जी?” टेकचंद उष्ट्या हाताने माझ्याकडे आला, “मास्तर, माह्या घरी सोयरे रडून राहिले. आता त्याईले परत कसं धाडू?” मी त्याला पाणी दिले.

साचा बदलावा, तर तुझा कागद हरवला आहे.

आता तुझ्या नावाचे. शोकाकुलांची नावे मी साच्याच्या फुटरमध्ये टाकली. तिथे सगळी मिळून दोनशे पंचावन्न अक्षरे बसतात, आणि काना, मात्रा, वेलांटी सारे वेगळे मोजले जाते. पद्धतीप्रमाणे आधी सासरची नावे, शेवटी माहेरची. संस्थेचे अध्यक्ष आपले लक्ष्मणकाका शेजारी बसून होते. ते म्हणाले, “माजी सरपंच, माजी सभापती, सारं टाक. नाही त लोकाईले कसं समजन, कोन रडून राहिलं?” ते सारे टाकले. शेवटी तुझे ‘मनि’ घेतले आणि मजकूर फार लांब झाला असे सांगून यंत्र थांबले. अर्धे नाव बरे दिसेना, म्हणून तेही पुसले. तू पंगतीत बसला होतास तेव्हा सांगणार होतो. पण ज्याची बहीण गेली त्याला दोनशे पंचावन्नचा हिशोब कोणत्या तोंडाने सांगावा?

रुपाला आशीर्वाद.

तुझा भाऊजी,
तेजराम

ता. क. तुझा कागद हरवला असे वर लिहिले, ते खरे नाही. टेबलाच्या खणात आहे. तो समोर ठेवून मी तीनदा निधन काढायला बसलो. पुसण्यासाठी निवडले की तिचे नाव निळे होते, आणि पुढचे बटन दाबायचे राहून जाते.

ता. क. २. काल मात्र साचा उघडून फुटरमध्ये तुझे नाव टाकले. जागेसाठी कोणाचे तरी काढणे भाग होते. काकांच्या पदांना हात लावणे शक्य नव्हते, म्हणून माझे काढले. आज सकाळी यादी तशीच छापून एकशे बारा घरी गेली. लोकांनी फाडली, पण या वेळी आपली पाळी वाचून फाडली. खालची नावे वाचून टेकचंद विचारून गेला, “मास्तर, तुमचं दुःख सरलं का जी?”

ता. क. ३. तेव्हा निधन कसे काढायचे ते कळवू नकोस. आपण दोघेही त्यात मावू असे काही करता येत असेल, तर ते येऊन दाखव. लिहून दिलेले मला आताशा समजत नाही.