तीनदा दिलेला इशारा

३ मार्च, सोमवार
विमानतळावरच्या पोलिसांचं प्रशिक्षण नव्याने लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. आत्ताची पुस्तिका अकरा वर्षांची. साहेब म्हणाले, "हवं ते बदला, सहावा धडा मात्र राहू दे. तो तर तुमचाच!"
हसले. मीही हसले.
सहावा धडा म्हणजे मी. तपासणीच्या दारातून न थांबता निघालेल्या, खिशात हात घालणाऱ्या माणसाला तीनदा इशारा देऊन खाली पाडलं — आदर्श कारवाई. पदक मिळालं त्याचं.
तीनदा!

५ मार्च
वर्गात त्या दिवसाचं कॅमेऱ्यातलं चित्रण दाखवलं. त्याला आवाज नाही. वाहतूक शाखेतून आलेल्या एक हवालदारबाई, माझ्याच वयाच्या, म्हणाल्या, "मॅडम, परत दाखवता?" दाखवलं. "तुमचं तोंड एकदाच हललेलं दिसतंय."
आणि मी काय म्हणावं? "चौकात शिट्टी फुंकणं वेगळं, बाई!" वर्ग खो खो हसला. त्या खाली बसल्या. नंतर वहीत एक अक्षर लिहिलं नाही त्यांनी.
त्यांचं काय चुकलं? मोजता येतं, एवढंच.

६ मार्च
हात चालत नाही.

८ मार्च, शनिवार
लिहूनच टाकते. एकदाच ओरडले. तेही पाठीमागून. तो थांबला नाही, कारण त्याला ऐकूच येत नव्हतं. समोरच्या शिपायाचा चेहरा बघून त्याने खिशात हात घातला — कार्ड काढायला. 'मला ऐकू येत नाही.' ते फरशीवर पडलेलं मी वाचलं. त्याचं मनगट मोडल्यावर.
अहवालात 'तीनदा' मी लिहिलं. कार्डाबद्दल एक शब्द नाही. तो घड्याळं दुरुस्त करतो, हे तेव्हाच कळलं होतं मला.
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबले.
"मग मी अकरा वर्षं त्या पदकावरची धूळ कशाला पुसली गं?"

१२ मार्च
गेले त्याच्या दुकानात. डोळ्याला भिंग लावून काम करत होती त्याची बायको. तो शेजारी बसून बोटाने दाखवत होता — हा स्क्रू, आता तो. मनगट वळत नाही.
बघताक्षणी ओळखलं त्याने!
कागद घरूनच लिहून नेला होता. चार ओळी. त्याने वाचला, मग तिने. ती म्हणाली, "तीन अर्ज केले आम्ही. उत्तर आलं, इशारे दिले होते."
त्याने माझ्याच कागदाखाली डाव्या हाताने लिहिलं: 'हे मला माहीत आहे. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा.'
तिथे रडायचीसुद्धा लाज वाटली.

१३ मार्च
खरा अहवाल साहेबांच्या टेबलावर ठेवला. "वेड लागलंय का? झाकली मूठ राहू द्या!"
मी म्हटलं, साहेब, मूठ माझी, मनगट त्याचं —
नाही. असं काही म्हटलं नाही. हे आत्ता सुचतंय. तिथे नुसतं "पोच द्या" म्हटलं.

१४ मार्च
वर्गासमोर हवालदारबाईंची माफी मागितली. सगळं सांगितलं, कार्डासकट. कुणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "मला वाटलं माझेच डोळे गेले." नऊ दिवस त्या स्वतःवरच शंका घेत होत्या. माझ्यामुळे!

२० मार्च
चौकशी. मान वर करून उत्तरं द्यायची ठरवलं होतं. जमलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार
हुकूम आला. पदक परत करायचं. शिकवणं बंद. सोमवारपासून नव्या वर्गात मी शिकणारी — यादीत शेवटचं नाव. पहिला तास: हाक ऐकू न येणारा प्रवासी. शिकवणार — तो! खुणा समजावून सांगायला त्याची बायको.