नामशेष

गुरुवार, संध्याकाळ. लोणावळा.

आंदर मावळातली सुनीता दोन दिवस वर्गात नव्हती. आज जाब विचारला, तर म्हणाली, "इर्जिकला गेलते, मॅडम. मावशीच्या भातलावणीला सगळं गाव उतरलं व्हतं. मजुरी न्हाई, नुसतं जेवण."

याच इर्जिकवरचा माझा शोधनिबंध कॉलेजच्या फलकावर लागलाय. शेवटी मी ठणकावून लिहिलंय की आंदर मावळातून ही प्रथा नामशेष झाली आहे. नामशेष! सगळं ग्रंथालयात बसून लिहिलं. तिकडे बस कमी, चालणं फार, म्हणून एकदाही गेले नाही.

निघताना तिनं विचारलं, "फलकावर वाचलं, मॅडम. नामशेष म्हंजी काय वो?" खरंच माहीत नव्हतं, की...?

"संपलेली," मी पुटपुटले.

"न्हाई मॅडम, सोमवारी आमच्या खाचरात हाय. या की."